साडेबाराचं ऊन

ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बाराचा ठोका पडतो तेव्हा नव्हे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि ही शहरं ७३ अंशांच्या आसपास वसली आहेत. एक अंश ओलांडायला सूर्याला ४ मिनिटं लागतात, म्हणून आपली खरी माध्यान्ह घड्याळातल्या बारानंतर सरासरी ३८ मिनिटांनी येते. वर्षभरात ती थोडी मागेपुढे होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२.२२ च्या सुमारास असते, फेब्रुवारीत पावणेएकच्याही पुढे जाते, मेच्या मध्यावर १२.३५ ला येते. मोबाइलवरचं हवामानाचं अ‍ॅप उघडून त्यातला ‘यूव्ही इंडेक्स’चा तासावार आलेख पाहिला, तर त्याचं शिखर याच वेळेवर उभं असतं.

उन्हापासून कधी आणि किती जपायचं हे सांगणारी अ‍ॅप आता बहुतेकांच्या खिशात आहेत. कुणाच्या फोनमध्ये ती सोय आधीपासूनच असते, कुणी मुद्दाम उतरवून घेतं. बघितला जातो तो एकच आकडा आणि त्याचा रंग: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल, जांभळा. आलेखापर्यंत फार थोडे जण जातात. १९ अंश उत्तर अक्षांशावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना मात्र रंगाचा उपयोग थोडा आणि आलेखाचा पुष्कळ आहे. असं का, ते समजून घ्यायचं तर आधी हा आकडा कशाचा आहे ते पाहायला हवं.

सूर्याच्या उजेडात डोळ्यांना न दिसणारा एक पट्टा असतो. १८०१ मध्ये जर्मनीतल्या येना इथे योहान विल्हेल्म रिटर यानं चांदीच्या क्षारात बुडवलेला कागद लोलकातून पडलेल्या रंगपटाखाली धरला. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे कागद सर्वांत लवकर काळा पडला. हे अतिनील किरण. त्यांतले सर्वांत घातक, २८० नॅनोमीटरच्या खालचे यूव्ही-सी किरण, ओझोन आणि ऑक्सिजन वरच्या वर शोषून घेतात. २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या यूव्ही-बी किरणांचाही मोठा वाटा ओझोन अडवतो. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे यूव्ही-ए किरण मात्र जवळपास सगळेच जमिनीपर्यंत पोचतात. त्वचा भाजण्याच्या बाबतीत या सगळ्यांची ताकद सारखी नाही, आखूड तरंगलांबीचे किरण कित्येक पटींनी जास्त भाजतात. मॅकिन्ले आणि डिफी या दोघांनी १९८७ मध्ये कोणत्या तरंगलांबीला किती वजन द्यायचं याची वक्ररेषा मांडली. त्या वजनांनी जमिनीवर पडणाऱ्या अतिनील किरणांची बेरीज केली आणि प्रत्येक २५ मिलिवॅट प्रति चौरस मीटरला एक गुण दिला, की झाला यूव्ही इंडेक्स.

कॅनडाच्या पर्यावरण खात्यातल्या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये तो पहिल्यांदा लोकांसाठी जाहीर करायला सुरुवात केली. अंटार्क्टिकावर ओझोनच्या थराला पडलेलं खिंडार १९८५ मध्ये जगाला कळलं होतं, ओझोन वाचवण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला होता, आणि कॅनडातले लोक विचारत होते, आज बाहेर पडणं कितपत बरं? तिथल्या उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी आकडा दहाच्या आसपास जावा, अशा बेतानं मोजपट्टी आखली गेली. पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक हवामान संघटना यांनी ती सगळ्या जगासाठी स्वीकारली: २ पर्यंत कमी, ३ ते ५ मध्यम, ६-७ जास्त, ८ ते १० फार जास्त आणि ११ पासून पुढे अतितीव्र. ३ झाला की जपायला लागा, हा त्यांचा सल्ला.

आपल्याकडे हा ३ कधी येतो? सूर्याच्या उंचीवरून अंदाज काढता येतो. मेमध्ये आकाश स्वच्छ असेल, तर सकाळी आठला इंडेक्स दोनच्या आत असतो. नऊला तो चारच्या घरात जातो, दहाला सातच्या, अकराला दहाच्या. साडेबारा-एकच्या दरम्यान तो बारापर्यंत चढतो. तीनला सात-आठ, चारला साडेचार, पाचला दोन. म्हणजे पावणेनऊ ते साडेचार हा सगळा काळ तीनच्या वर. दिवसभरातल्या एकूण मात्रेचा जवळजवळ निम्मा भाग अकरा ते दोन या तीन तासांत पडतो. आता डिसेंबर घ्या. दिवस लहान, सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, गुलाबी थंडी. तरी दुपारी आकडा सहाच्या आसपास जातो आणि दहा ते तीन तो तीनच्या खाली येत नाही.

म्हणजे अ‍ॅपच्या नियमानुसार ठाणे जिल्ह्यात वर्षाचे बाराही महिने, ऊन असलेल्या प्रत्येक दिवशी, धोक्याची सूचना येणार. रोज नारिंगी, लाल किंवा जांभळा दिसणारा रंग काही दिवसांनी डोळ्यांना दिसेनासा होतो. सूचना येतात, बोटानं बाजूला सारल्या जातात, शेवटी बंद केल्या जातात. ही आपली एकट्याची अडचण नाही. अँडीज पर्वतात ३६०० मीटर उंचीवर वसलेल्या ला पाझसारख्या शहरात तर आकडा सहज पंधराच्या पुढे जातो. उष्ण प्रदेशांसाठी आणि उंचावरच्या शहरांसाठी ही मोजपट्टी बदलावी असा प्रस्ताव बोलिव्हिया आणि अर्जेंटिनातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडला होता. तो मला पटतो. जी खूण रोज तीच राहते ती दिवस निवडायला उपयोगी पडत नाही. तास निवडायला मात्र पडते, आणि म्हणूनच आलेख पाहायचा.

हा आलेख तापमानाच्या आलेखाशी जुळत नाही, हेही त्यात लगेच दिसतं. उन्हाची झळ लागते ती दृश्य प्रकाशातून आणि अवरक्त किरणांतून. अतिनील किरणांचा ऊर्जेतला वाटा इतका छोटा आहे, की ते अंगावर पडताहेत हे कातडीला कळतच नाही. डोंबिवलीत एप्रिल-मेमध्ये सर्वांत जास्त तापतं ते दोन-तीनच्या सुमारास. जमीन, डांबर, काँक्रीट तापायला वेळ लागतो आणि खाडीवरून येणारा वारा आत पोचेपर्यंत दुपार कलते. अतिनील किरणांना हा उशीर लागत नाही, त्यांचं शिखर त्याआधीच होऊन गेलेलं असतं. ‘अजून फार तापलं नाही’ म्हणून अकराला निघणारा माणूस चारला निघणाऱ्यापेक्षा दुप्पट मारा सोसतो, मग चारला घामाच्या कितीही धारा लागलेल्या असोत.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला उन्हात बसलेल्या लोकांना उष्माघात झाला आणि त्यात काहींचे बळी गेले. तो धोका तापमानाचा, दमटपणाचा, पाण्याअभावी शरीर कोरडं पडण्याचा होता. यूव्ही इंडेक्स त्याबद्दल काहीच सांगत नाही. अ‍ॅपमध्ये आकडा चारवर आला म्हणून मेमधली संध्याकाळची चार वाजताची कवायत सुरक्षित ठरत नाही. दोन आकडे दोन वेगळ्या संकटांचे आहेत आणि दोन्ही पाहायला हवेत.

या दोहोंची सर्वांत मोठी फारकत होते ती पावसाळ्यात. ठाणेकर पंचांगकर्ते दा. कृ. सोमण शून्य सावलीच्या दिवसाबद्दल दरवर्षी आवर्जून सांगतात. आपल्या भागात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो १६ मेच्या सुमारास, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. पहिल्या वेळी आपण उन्हाळा म्हणतो, दुसऱ्या वेळी पावसाळा. सूर्याच्या दृष्टीनं दोन्ही दिवस सारखेच. श्रावणात पावसानं उघडीप दिली, ढग फाटले आणि ऊन पडलं, तर हवा तिशीच्या घरात असूनही इंडेक्स मेइतकाच, अकरा-बारापर्यंत जातो. पातळ ढगांतून तर अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग खाली येऊ शकतो. काळाकुट्ट, कोसळणारा ढग मात्र बराचसा मारा अडवतो. दहीहंडीला ठाण्यातल्या चौकांत सकाळपासून उभे असणारे गोविंदा, आदल्या रात्रीच्या पावसानं भिजलेल्या मैदानात फुटबॉल खेळणारी मुलं, मुरबाड-शहापूरकडे भातलावणीला वाकलेल्या बाया, यांच्यापैकी कुणालाच त्या दिवशी ‘कडक ऊन आहे’ असं वाटत नाही. अंदाज चुकतो तो इथे, आणि फोनमधला आकडा खरोखर काही नवीन सांगतो तोही इथेच. तसंच महाबळेश्वरचं. दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरण दहा-बारा टक्क्यांनी वाढतात. कल्याणहून गेलेल्या माणसाला तिथे गार वाटतं आणि मारा मात्र घरच्यापेक्षा जास्त बसतो.

आता हा आकडा फोनमध्ये येतो कुठून? फोन तो मोजत नाही. फोनच्या पुढच्या बाजूला असतो तो उजेड मोजणारा संवेदक, आणि तो दृश्य प्रकाशासाठी असतो. २०१४ मध्ये आलेल्या सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ४ मध्ये मागच्या बाजूला अतिनील किरण मोजणारा संवेदक खरोखर बसवलेला होता, पण पुढे ती कल्पना मागे पडली. सूर्याकडे कोणत्या कोनात धरला, बोट आड आलं का, काचेवर धूळ होती का, यावर मोजमाप अवलंबून राहणार. त्यापेक्षा गणित बरं. ठिकाण, तारीख आणि वेळ यांवरून सूर्याची उंची नेमकी काढता येते. ओझोनचा अंदाज उपग्रहांच्या मोजमापांवरून मिळतो. त्यात ढगांचा आणि हवेतल्या धूलिकणांचा अंदाज मिसळायचा. हे सगळं संगणक-प्रारूपात घातलं की पंचवीस-चाळीस किलोमीटर बाजूच्या एकेका चौकोनासाठी एकेक आकडा निघतो. रेल्वेच्या मार्गानं ठाणे ते कल्याण अंतर वीसेक किलोमीटर. घोडबंदर रोडवर आणि कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याजवळ अ‍ॅप बहुधा एकच आकडा दाखवतं ते यामुळे. दोन अ‍ॅपमध्ये एकाच वेळी वेगळे आकडे दिसतात तेव्हाही घाबरायचं कारण नसतं. एक दिवसातलं शिखर सांगत असतं, दुसरं त्या क्षणाचा अंदाज. एक आकाश निरभ्र धरून चालतं, दुसरं ढग मोजतं.

या गणिताचा पाया घालण्यात महाराष्ट्राचाही हात आहे. अ‍ॅना मणी १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात उपकरण विभागात रुजू झाल्या. देशभर सौरप्रारण मोजणारी केंद्रं त्यांनी उभी केली, हवेत उंच जाऊन ओझोन मोजणारं ओझोनसोंड उपकरण देशातच तयार करवून घेतलं. त्यांचे भारतातल्या सौरप्रारणाचे दोन ग्रंथ १९८० आणि १९८१ मध्ये निघाले. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं, ‘सफर’ ही हवेची गुणवत्ता आणि हवामान यांचे अंदाज देणारी यंत्रणा उभारली. २०१० मध्ये दिल्लीत, २०१३ मध्ये पुण्यात, २०१५ मध्ये मुंबईत ती सुरू झाली आणि तिच्यात प्रदूषणाबरोबर यूव्ही इंडेक्स आणि त्वचेसाठी सल्लाही दिला गेला. विषुववृत्ताकडच्या पट्ट्यात ओझोनचा थर मुळातच पातळ असतो, आणि सूर्य असा माथ्यावर. म्हणून इथे मोजमापांना वेगळं महत्त्व आहे.

जगभर वापरलं जाणारं या विषयातलं सर्वांत भारदस्त अ‍ॅप म्हणजे जून २०२२ मध्ये आलेलं ‘सनस्मार्ट ग्लोबल यूव्ही’. जागतिक आरोग्य संघटना, जागतिक हवामान संघटना, संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना हे त्यामागे आहेत. ते फुकट आहे. गाव निवडलं की पाच दिवसांचा अंदाज आणि कुठल्या वेळेत जपायचं ते सांगतं. सुरुवातीला ते ज्या भाषांत निघालं, त्यांत एकही भारतीय भाषा नव्हती. त्याची मुळं ऑस्ट्रेलियात आहेत. तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात १९८१ पासून उन्हाविरुद्ध मोहीम चालू आहे, कारण गोऱ्या कातडीच्या लोकांनी कडक उन्हाच्या देशात वस्ती केली आणि त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत तो देश जाऊन बसला.

आपली कातडी वेगळी आहे, आणि हे अ‍ॅप वाचताना ते धरूनच चालावं लागतं. निरभ्र दुपारी इंडेक्स १२ असेल, तर फार गोरी कातडी दहा-बारा मिनिटांत लाल पडायला लागते. गव्हाळ-सावळ्या कातडीला तोच परिणाम दिसायला साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो, गडद कातडीला त्याहून जास्त. हे मेलॅनिन या रंगद्रव्याचं देणं. १९७९ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोजमापात काळ्या त्वचेच्या वरच्या थराचं नैसर्गिक संरक्षण सुमारे १३ एसपीएफ इतकं भरलं, गोऱ्या त्वचेचं तीन-साडेतीन. भारतात मेलॅनोमा हा त्वचेचा भयंकर कर्करोग विरळ आहे तो यामुळेच. ऑस्ट्रेलियातली भीती जशीच्या तशी डोंबिवलीत आणून पेरणं मला योग्य वाटत नाही. काही जाहिराती तेच करतात.

पण मेलॅनिनच्या भरवशावर सगळ्यांना आणि सगळ्या अवयवांना सोडून देता येत नाही. कोड असलेल्या माणसाच्या पांढऱ्या डागांना हे कवच नसतं. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या मुलांना तर ते मुळीच नसतं. अशा मुलाच्या आईबापांनी फोनमधला आलेख रोज बघावा आणि शाळेलाही बघायला लावावा, त्यांच्यासाठी तो औषधाइतकाच गरजेचा आहे. ल्युपसच्या रुग्णांना उन्हानं आजार उसळण्याचा धोका असतो. चेहऱ्यावर वांग आलेल्यांना उन्हानं तो गडद होतो, आणि त्यात दृश्य प्रकाशाचाही वाटा असल्यानं इंडेक्स कमी असला तरी सूट मिळत नाही.

आणखी एक गट आपल्या भागात दरवर्षी तयार होतो आणि त्याची दखल फारशी घेतली जात नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात. ते योग्यच आहे, त्यानं जीव वाचतात. पण हे औषध घेतलं की त्वचा अतिनील किरणांना, विशेषतः यूव्ही-एला, जास्त संवेदनशील होते. जुलैअखेर, सूर्य डोक्यावर, अंगात डॉक्सिसायक्लिन आणि पावसानंतर पडलेलं स्वच्छ ऊन, हे सगळं एकत्र येणं ठाणे-कल्याणमध्ये अगदी शक्य आहे. रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायाझाइड घेणाऱ्यांनाही हेच लागू. गोळी बंद करायची नाही. त्या दिवसांत छत्री उघडायची आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा.

डोळ्यांची गोष्ट सर्वांत गंभीर, कारण बुबुळाला रंग गडद असल्याचा तेवढा फायदा मिळत नाही. मोतीबिंदूमुळे येणाऱ्या अंधत्वापैकी २० टक्क्यांपर्यंत उन्हाचा हात असू शकतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात भारताचं नाव आवर्जून घेतलेलं आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारी मांसल वाढही उन्हाशी आणि धुळीशी जोडलेली आहे. इथे अ‍ॅपच्या आकड्याची एक मर्यादा समोर येते. इंडेक्स हा आडव्या पृष्ठभागावर किती किरण पडतात ते सांगतो. डोळा मात्र समोर बघतो. दुपारी सूर्य डोक्यावर असताना भुवईचं हाड डोळ्यावर सावली धरतं. सकाळी आठ-नऊ आणि दुपारी तीन-चारला, सूर्य खाली असताना, किरण थेट डोळ्यात शिरतात. जपानमधल्या कानाझावा इथल्या संशोधकांनी पुतळ्यांच्या डोळ्यांत संवेदक बसवून हे दाखवलं आहे. सकाळी पूर्वेकडे तोंड करून गाडी हाकणाऱ्या रिक्षावाल्याला, चौकात उभ्या वाहतूक पोलिसाला, आकडा चार असतानाही चष्म्याची गरज असते. यूव्ही अडवणारा चष्मा महागच असतो असं नाही. काच गडद असणं आणि अतिनील किरण अडवणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या गडद स्वस्त काचेमागे बाहुली मोठी होते आणि उलट जास्त किरण आत जाऊ शकतात.

मग ड जीवनसत्त्वाचं काय? हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो आणि बरोबरच आहे. उन्हाच्या देशात राहून आपल्यात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास सापडते. बाळाला आणि आजीला कोवळ्या उन्हात बसवण्याची रीत चांगली आहे. त्या वेळी हवा सुखद असते, अंग मोकळं होतं. पण ड जीवनसत्त्व बनवणारे यूव्ही-बी किरण सकाळी साडेसात-आठला फारच तुटपुंजे असतात. सूर्य तिरपा असताना त्यांना ओझोनच्या थरातून लांबचा प्रवास करावा लागतो आणि ते वाटेतच शोषले जातात. तिरुपतीत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्वचेतल्या मूळ द्रव्यापासून ड जीवनसत्त्व बनण्याचा वेग सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळात सर्वाधिक आढळला. पुण्यातल्या पुरुषांवरचा २०१८ चा अभ्यास सांगतो, की ड जीवनसत्त्वाची पुरेशी पातळी राखायला दुपारच्या उन्हात रोज तासाभराहून जास्त वावर लागला. म्हणजे जो तास टाळा म्हणून अ‍ॅप सांगतं, त्याच तासात ड जीवनसत्त्व मिळतं.

हा पेच खरा आहे आणि एका आकड्यानं सुटणारा नाही. सकाळी ७.५० ची जलद लोकल पकडून फोर्ट-परळला जाणाऱ्या आणि रात्री आठला परतणाऱ्या डोंबिवलीकराला सोमवार ते शुक्रवार उन्हाचा तुटवडाच असतो. त्याच्या फोनमध्ये दुपारी जांभळा रंग चमकतो तेव्हा तो वातानुकूलित कचेरीत, काचेआड बसलेला असतो. काच यूव्ही-बी जवळपास पूर्ण अडवते, म्हणून खिडकीतल्या उन्हातूनही त्याला ड जीवनसत्त्व मिळत नाही. अशा माणसानं जेवणाच्या सुट्टीत हात आणि पाय उघडे ठेवून दहा-पंधरा मिनिटं बाहेर फिरून यावं, चेहऱ्यावर टोपी असू द्यावी. सावळ्या कातडीचा धडधाकट माणूस एवढ्यानं भाजत नाही. भर दुपारच्या या फेऱ्या रविवारवर ढकलून सलग तीन तास क्रिकेट खेळणं हे मात्र त्याला पर्याय नाही.

त्याच वेळी स्टेशनबाहेर भाजी विकणारी बाई, नाक्यावरचा बिगारी, पार्सल पोचवणारा मुलगा, रस्ता खोदणारा मजूर यांच्या वाट्याला दिवसभराची सगळी मात्रा येते. कचेरीत काम करणाऱ्याला बाहेर काम करणाऱ्याच्या जेमतेम १० ते २० टक्के अतिनील किरण वर्षभरात मिळतात. जागतिक आरोग्य संघटना आणि कामगार संघटना यांच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात १६० कोटी माणसं कामाच्या निमित्तानं उन्हात होती. म्हणजे ज्यांना या सल्ल्याची सर्वांत कमी गरज त्यांच्या हाती अ‍ॅप आहे, आणि ज्यांना सर्वांत जास्त गरज त्यांना आकडा कळूनही जागा सोडता येत नाही.

अशा अ‍ॅपनं वागणं बदलतं का, याची चाचणी अमेरिकेत झाली आहे. ‘सोलर सेल’ नावाचं अ‍ॅप काही लोकांना दिलं, काहींना दिलं नाही. २०१५ मध्ये आलेला निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. अ‍ॅप मिळालेल्यांनी सावलीचा आधार जास्त घेतला, ४१ टक्के वेळा विरुद्ध ३४. सनस्क्रीन मात्र त्यांनी कमी लावलं, २९ टक्के वेळा विरुद्ध ३५. फोननं वेळ सांगितली आणि माणसं सावलीत गेली. आपल्याकडे हाच मार्ग परवडणारा आहे. सनस्क्रीनवरचा एसपीएफ मोजला जातो तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावून. माणसं प्रत्यक्षात त्याच्या पाव ते निम्मा लावतात, आणि लोकलच्या गर्दीतल्या घामात तोही टिकत नाही. तेवढ्या जाडीनं दर दोन तासांनी लावायचं तर महिन्याचा खर्च सामान्य घराला झेपणारा नाही. काळी छत्री मात्र घरोघरी आहे. अमेरिकेत २३ छत्र्या तपासल्या तेव्हा प्रत्येकीनं किमान ७७ टक्के आणि काळ्या छत्र्यांनी ९० टक्क्यांहून जास्त अतिनील किरण अडवले. स्कूटीवरच्या मुली चेहऱ्याला बांधतात तो घट्ट विणीचा सुती स्कार्फ हेही उत्तम संरक्षण आहे. पातळ, घामानं भिजलेला पांढरा सदरा त्यापेक्षा बराच कमी पडतो.

फोन नसेल तर सावलीच अ‍ॅपचं काम करते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की सूर्य ४५ अंशांच्या वर गेला आणि मारा तीव्र झाला. मेच्या मध्यावर ठाणे-कल्याणमध्ये सावली सकाळी साडेनऊच्या आधीच उंचीइतकी होते आणि पावणेचारपर्यंत आखूडच राहते. २२ डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही, ती साडेअकरा ते दीडच्या सुमारास उंचीपेक्षा जराशी आखूड असते. शाळेतल्या पहिलीच्या मुलालाही हे पाहता येतं. शाळांच्या क्रीडास्पर्धा बहुधा डिसेंबर-जानेवारीत, थंडी आहे म्हणून दिवसभर चालतात. अंतिम फेऱ्या साडेअकराच्या आत किंवा दीडनंतर ठेवणं यासाठी कुठल्याही अनुदानाची गरज नाही.

अनुदान लागतं ते छपरांना आणि झाडांना. उंच इमारतींच्या शहरात सावली आपोआप मिळेल असं वाटतं, पण मे महिन्यात १२.३५ ला तीस मजल्यांचा टॉवर रस्त्यावर सावली टाकत नाही. सूर्य डोक्यावर असतो, सावली भिंतीच्या पायाशी गोळा होते. १६ मेपासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तर भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडून येतो. त्या अडीच महिन्यांत कामाला येते ती फक्त आडवी सावली: बसथांब्याचं छप्पर, फलाटाच्या टोकापर्यंत नेलेली शेड, पादचारी पुलावरचे पत्रे, पिंपळ-वड-करंज यांचा घेर. रस्ता रुंद करताना किंवा मेट्रोचा खांब उभारताना कापलेल्या जुन्या झाडाच्या बदल्यात शहराबाहेर लावलेली दहा रोपं त्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर येत नाहीत. घोडबंदर रोडवर आणि कल्याण-शीळ रस्त्यावर कोणत्या थांब्यावर मेमध्ये साडेबाराला सावली असते आणि कुठे नसते, याची मोजणी भूगोलाच्या किंवा विज्ञानाच्या कोणत्याही महाविद्यालयीन वर्गाला एका दुपारी करता येईल. असा नकाशा महापालिकेच्या अ‍ॅपवर मराठीत आला, तर तासावार आलेखाशेजारी बघण्यासारखी ती पहिली गोष्ट असेल.